आडव्या रेघेचा सात

ऑडिटरला जेवू कसं घालायचं, हे शिकवणारा कोर्स कुठे निघाला असता, तर मी त्यात सहज शिकवायला लागलो असतो. डिचोलीच्या एका खाण वाहतुकीच्या ऑफिसात मी बारा वर्षं हिशेब लिहिले. ट्रक किती आले, किती गेले, डिझेल किती प्यायले, बार्जेसवर किती माती चढली, असा सगळा लाल धुळीतला हिशेब. पण त्या बारा वर्षांत माझं खरं नाव झालं ते हिशेबासाठी नव्हे. ऑडिटर यायचे तेव्हा मालक फक्त एवढंच म्हणायचे, "बाकीचं तू बघ."

बाकीचं मी बघत असे. सकाळी दहाला ऑडिटर येत. अकरापर्यंत त्यांना चहा आणि गरम भजी द्यायची आणि ज्या वह्यांत काहीच नाही अशा वह्या पुढे ठेवायच्या. खरी वही, म्हणजे जिच्यात माझा जीव अडकलेला असे, ती पाऊण वाजता मेजावर ठेवायची. एकाच्या ठोक्याला जेवण. इसवण माशाची जाड तुकडी, तिसऱ्यांचं म्हणजे शिंपल्यांचं सुकं, भाताचा डोंगर, वर माशाचं हुमण आणि शेवटी सोलकढीचे दोन पेले. माणूस कितीही कर्तव्यदक्ष असला, तरी सोलकढीच्या दुसऱ्या पेल्यानंतर त्याला वहीतली ओळ डोंगरासारखी वाटू लागते. पंखा लावून वारा यायला जनेल उघडी ठेवायची आणि आपण शेजारच्या खोलीत गुपचूप बसायचं. चार वाजता सही होत असे.

एकदाच माझी ही विद्या फसली. ऑडिटरांबरोबर एक शिकाऊ मुलगी आली होती. बाकीचे हात धुवायला गेले, तेव्हा तिने पिशवीतून आपला डबा काढला, पोळी-भाजी खाल्ली, आणि सगळे जेवत असताना माझी ती पाऊण वाजताची वही उघडून बसली. मी वाढता वाढता एक डोळा तिच्यावर ठेवून होतो. थोड्या वेळाने ती उठून आली आणि म्हणाली, "हा 'इतर खर्च' म्हणजे नक्की काय?"

मी म्हटलं, "बारीकसारीक असतं मॅडम. तुम्ही तिसऱ्या तरी घ्या."

तिने तिसऱ्या घेतल्या नाहीत. पण तिचे साहेब घेत होते आणि साहेबांनी मान डोलावली, त्यामुळे तो प्रश्न तिथेच राहिला. त्या वर्षी मला जरा हायसं वाटलं आणि जरा अपमानही वाटला, दोन्ही एकदम.

मग खाणी बंद पडल्या. ट्रक दारात उभे राहिले, त्यांच्या टायरांमधून गवत आलं आणि आमच्या ऑफिसला कुलूप लागलं. चाळिशीला टेकलेला, एकाच ऑफिसचे हिशेब येणारा माणूस कुणाला हवा असतो? सहा महिने मी घरी बसून पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, पावांचा हिशेब लिहिला. तोही जुळत नव्हता, कारण मुलगी मध्येच एखादा पाव पळवत असे. शेवटी कुणीतरी सांगितलं की म्हापशाला एका सनदी लेखापालबाईंना माणूस हवाय. मी गेलो. मेजापलीकडे तीच शिकाऊ मुलगी बसली होती. फक्त आता ती शिकाऊ नव्हती, डोळ्यांवर चष्मा होता आणि दारावर तिची पाटी होती.

"तुमची इसवणाची तुकडी अजून आठवते," ती म्हणाली. "म्हणजे वास आठवतो."

मला वाटलं, उठून निघावं. पण तिने मला ठेवून घेतलं. तीन महिने बघू, म्हणाली. "जेवण कधी येतं आणि वही कधी येते, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. पण तुमची एक खोड मोडावी लागेल. तुम्हाला हिशेब जुळवायची सवय आहे. इथे जुळवायचं नाही. जुळतंय का, एवढंच बघायचं."

मी मान डोलावली. ऐकायला हे सोपं वाटतं. घरी बायकोला सांगितलं तर ती हसत सुटली. "इतलीं वर्सां दुसऱ्यांक खावयलें, आतां वचून खायात!" मी तिला गंभीरपणे सांगितलं की ऑडिटरने जेवायचं नसतं, म्हणून उद्यापासून डबा लागेल. त्यावर ती आणखी हसली, पण डबा मिळू लागला.

मॅडमनी पहिल्याच दिवशी मला एक हिरवी पेन्सिल दिली. दुसऱ्याच्या वहीत आपण फक्त हिरवी खूण करायची. पेन खिशातून काढायचंच नाही. बारा वर्षं ज्या पेनाने मी लाखांचे फरक गुळगुळीत केले, ते पेन खिशात घालून हिंडायचं म्हणजे हाताला बेडी घालून हिंडण्यासारखं होतं. कुठे दोन रुपयांचा फरक दिसला की माझा अंगठा आपोआप खिशाकडे जाई. मॅडम न बघताच म्हणत, "पेन्सिल." मी पेन्सिल धरत असे.

अडीच महिन्यांनी मला एकट्याने पहिलं काम मिळालं. पेडणे तालुक्यातल्या एका गावची दूध सोसायटी. गावातली माणसं सकाळ-संध्याकाळ दूध घालतात, सोसायटी ते पुढे पाठवते आणि सभासदांना गुरांची पेंड विकते. व्यवहार एवढाच. पण मॅडमनी बजावलं होतं की हे काम नीट झालं तर पुढचं बोलू. घरी मुलीची शाळेची फी होती, डोक्यावर सहा महिन्यांची उधारी होती. मी नवीन शर्ट घालून गेलो.

सोसायटीचे सेक्रेटरी साठीच्या पलीकडले होते. मूळचे सावंतवाडीकडले, बायकोच्या गावी स्थायिक झालेले. तीस वर्षं त्यांनी एकट्याने ह्या वह्या लिहिल्या होत्या, आणि हे त्यांचं शेवटचं वर्ष होतं. येत्या रविवारी वार्षिक सभा, तिथे ऑडिटचा अहवाल वाचायचा आणि मग शाल-श्रीफळ देऊन त्यांना निरोप. हे मला त्यांनी सांगितलं नाही, दूध घालायला आलेल्या प्रत्येक माणसाने सांगितलं. तीस वर्षांत ह्यांच्या वहीला एकही शेरा लागलेला नाही, हेही प्रत्येकाने सांगितलं. सेक्रेटरी ऐकून न ऐकल्यासारखं करत. पण कान लाल होत होते.

आणि बारा वाजून चाळीस मिनिटांनी त्यांनी साठ्याची वही माझ्यापुढे ठेवली! मी घड्याळाकडे पाहिलं आणि माझ्या अंगावर रोमांच आले. एक वाजता ते म्हणाले, "चला, घरात जेवाण तयार असा."

हा डाव माझाच होता. फक्त ह्या खेपेला मी मेजाच्या दुसऱ्या बाजूला होतो. मी छाती फुगवून माझा डबा काढला. सेक्रेटरी खरंच खट्टू झाले. नंतर कळलं की त्यांना कसलाच डाव ठाऊक नव्हता, बायकोने पाहुण्यासाठी मुद्दाम सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणली होती. पण तेव्हा मी स्वतःवर इतका खूश होतो की मला जग जिंकल्यासारखं वाटत होतं. पोळी-भाजी खाऊन मी गोदामात गेलो आणि पेंडीची पोती मोजली.

वहीप्रमाणे एक्केचाळीस पोती. गोदामात चौतीस. मी पुन्हा मोजली, मग पोत्यांवर चढून मोजली, नव्या शर्टाला पेंड लागली, पण आकडा हलला नाही. सात पोती कमी.

सेक्रेटरी दारात उभे होते. मी काही विचारायच्या आधीच त्यांनी वर बोट दाखवलं. छपराच्या पत्र्यातून आकाशाचे चार-पाच तुकडे दिसत होते.

"भिजली," ते म्हणाले. "पावसात सात पोती भिजली, कुजली. माझ्या माडांच्या बुडात घातलंय."

"मग लिहिलं का नाहीत?"

ते पत्र्याकडे बघत म्हणाले, "तीन वर्सा सभेत मीच सांगतंय, छप्पर बरा असा, खर्च कित्याक. मगे ह्या कसा लिवू?"

सोसायटीचे पैसे वाचवायला माणूस तीन वर्षं छपराची बाजू घेऊन भांडला आणि छपरानेच त्याला तोंडघशी पाडलं. मला त्यांची अशी दया आली की सांगता येत नाही. तीस वर्षांची स्वच्छ वही, येत्या रविवारी शाल, आणि मध्ये ही सात कुजकी पोती. ते संध्याकाळचं दूध मोजायला बाहेर गेले. मी त्यांच्या कदेलवर, म्हणजे खुर्चीवर, बसलो होतो, समोर त्यांची वही उघडी होती आणि वहीत प्रत्येक महिन्याच्या शेवटी एक ओळ कोरी सोडायची त्यांची पद्धत होती.

माझ्या हाताने काय केलं हे मला कळलं तेव्हा ते करून झालं होतं. जुलैच्या कोऱ्या ओळीत मी त्यांच्याच पेनाने, त्यांच्यासारखं उजवीकडे झुकलेलं अक्षर काढून लिहिलं होतं: छप्पर गळून पोती खराब, वजा 7. खाली शिल्लक दुरुस्त केली. चौतीस. माझ्या मनाला असा गारवा वाटला की काय सांगू! फरक गेला. अक्षर इतकं हुबेहूब की मीच दोनदा बघत राहिलो. खोटं काहीच नव्हतं ना? पोती भिजली होती हे खरं होतं. मी फक्त त्यांच्या वतीने लिहिलं, एवढंच.

सेक्रेटरी आत आले तेव्हा मी म्हटलं, "जुळलं."

"जुळला? कसा जुळला?"

"जुळलं हो. तुम्ही काळजी करू नका."

त्यांनी वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वही मिटली. मग त्यांच्या बायकोने घावणे आणि नारळाचा रस आणून ठेवला. काम संपलं होतं, तेव्हा मी खाल्ले. सहा खाल्ले. मॅडमच्या पाटीखाली आपली छोटी पाटी कशी दिसेल, ह्याचा विचार करत मी बसने परत आलो.

तीन दिवसांनी वह्या शेवटच्या तपासणीसाठी ऑफिसात आल्या. मॅडम पानं उलटत होत्या आणि मी शेजारी उभा राहून कौतुकाची वाट बघत होतो. जुलैच्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"हा सात कुणाचा?"

मी वाकून पाहिलं. त्याला आडवी रेघ होती.

आमच्या खाणीच्या ऑफिसात पोर्तुगीज काळात शिकलेले एक हेडक्लार्क होते. सातच्या पोटात आडवी रेघ नसली तर त्याचा एक होतो, म्हणून ते माझ्या बोटांवर पट्टी मारत. त्यांनी मारून मारून घातलेली ती रेघ माझ्या हाताला कायमची चिकटली. सेक्रेटरींचा सात सरळ असतो. सगळ्या वहीत तीस वर्षांच्या सवयीचे सरळ सात उभे होते आणि त्यांच्यात एकच, माझा. अक्षर त्यांचं, शाई त्यांची, सात माझा.

मी सगळं सांगितलं. छप्पर, पोती, माड, शाल. मला वाटलं, शेवटी त्या म्हणतील, मनाने चांगले आहात. त्या म्हणाल्या, "परवापर्यंत त्या माणसाची सात पोती कमी होती. पावसात भिजलेली. आज त्याच्या वहीत मागच्या तारखेची खोटी नोंद आहे, आणि ती त्याच्या अक्षरात आहे. उद्या कुणी बघितलं तर कोण अडकेल? तुम्ही?"

बारा वर्षांत मी असे किती सात जुळवले, आणि त्यांतला प्रत्येक कुणाच्या ना कुणाच्या नावावर पडला असेल, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

मॅडमनी हात पुढे केला. मी खिशातलं पेन त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते खणात टाकलं. "शेरा मी लिहिणार. जे झालं ते सगळं लिहिणार, तुमच्यासकट. पण त्याआधी तुम्ही जाऊन त्यांना सांगा. तुमचं काय करायचं ते सोमवारी बघू."

पेडण्याला उतरून मी भाड्याच्या मोटारसायकलवर पायलटच्या मागे बसून गावात गेलो. वाटेत पायलटने तीनदा विचारलं, बरं नाही का म्हणून. सेक्रेटरी अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की तुमच्या वहीत मी लिहिलं, आता त्याचा शेरा येणार, रविवारच्या सभेत तो वाचला जाणार.

त्यांनी सुपाऱ्या पसरायचं थांबवलं नाही. "माका त्याच सांजेक कळला," ते म्हणाले. "माझो सात उभो. ह्याच्या कमरेक करगोटो कसो इलो?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुमची नोकरी नवी. मुलगी शाळेत असा म्हणालात. म्हटलंय, आपण गप ऱ्हवाया." मग म्हणाले, "पण शाल घेवची की नको, ह्याचो तीन दिस इचार करतंय. झोप नाय."

मी त्यांना वाचवायला निघालो होतो आणि ते मला वाचवत बसले होते. आम्हां दोघांच्या मध्ये ती वही मात्र बिचारी एकटी पडली होती. मला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं.

रविवारी सोसायटीच्या त्याच गळक्या गोदामापुढे सभा भरली. अध्यक्षांनी शेरा वाचायला घेतला, तर सेक्रेटरी उठले आणि कागद त्यांच्या हातातून काढून घेतला. "माझो शेरो. मी वाचतंय." आणि त्यांनी खड्या आवाजात, एक शब्द न गाळता वाचला. पेंडीची सात पोती छप्पर गळून खराब झाली. सेक्रेटरींनी ती वेळीच नोंदवली नाहीत. त्यासंबंधीची जुलै महिन्यातली नोंद सेक्रेटरींची नसून लेखापरीक्षकाच्या साहाय्यकाने गैररीतीने केली आहे, ती रद्द समजावी. मी मागच्या बाकावर होतो. सगळ्या सभेच्या माना माझ्याकडे वळल्या.

तीस वर्षांतला पहिला शेरा. सेक्रेटरी कागद धरून तसेच उभे होते.

एक म्हातारे सभासद तटकन उठले. "मी तीन वर्सा वराडतंय, छप्पर गळता म्हणान! माझा कोण आयकता?"

आणि पलीकडून एका बाईने विचारलं, "म्हणानच औंदा तुझ्या माडांक एवढे नारळ धरले काय रे?"

सभा हसली. सेक्रेटरीही हसले, कान लाल करून. त्यानंतर पाऊण तास पत्रे घालायचे की कौलं घालायची ह्यावर असं भांडण झालं की शाल कुठे ठेवली हेच अध्यक्ष विसरले. शेवटी ती खुर्चीखाली सापडली. सेक्रेटरींनी खांद्यावर घेतली तेव्हा टाळ्या शेरा नसता तर पडल्या असत्या तेवढ्याच पडल्या. कदाचित जरा जास्तच.

जेवायला त्यांनी मला शेजारी बसवलं. सुंगटांची कढी होती. मी संकोचून बसलो होतो, तर म्हणाले, "आता जेवा. काम संपला." आणि थोड्या वेळाने, भात कालवता कालवता, माझ्याकडे न बघता, "तीस वर्सा ऑडिटर येतत. जेवतत, सही करतत, जातत. परत इले ते तुमीच पयले."

बसमध्ये घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्याबरोबर होतं.

सोमवारी मॅडम आत आल्या. मी काल काय झालं ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "जेवलात?"

"जेवलो. काम झाल्यावर." मग मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही मला एकदा विचारलं होतं, 'इतर खर्च' म्हणजे काय."

त्यांनी चष्मा काढला.

"त्यात तुमच्या साहेबांची इसवणं होती. आणि माझे न जुळलेले सगळे फरक होते. दर वर्षी मी ती वही पाऊण वाजता ठेवायचो आणि पुढचे तीन तास शेजारच्या खोलीत घाम पुसत बसायचो. तुम्ही विचारलंत तेव्हा क्षणभर वाटलं होतं, सांगून टाकावं आणि सुटावं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत."

त्यांनी चष्मा मेजावर ठेवला. मग म्हणाल्या, "मी परत यायला हवं होतं."

त्यांनी पुढची फाइल माझ्याकडे सरकवली. डिचोलीकडे नार्व्याच्या बाजूची एक शेतकी संस्था होती. वर हिरवी पेन्सिल ठेवली होती, नवी, टोक काढलेली. त्या दिवसाला आता बरीच वर्षं झाली. पेन मात्र अजून त्यांच्या खणातच आहे.